शंभर फुटांची बेगमी
(प्रस्तावना)

मृगाची पहिली सर कोसळण्यापूर्वी वर्षाचे धान्य, डाळ, तिखट, मीठ आणि सरपण घरात भरून ठेवणे हा आमच्या भंडारा जिल्ह्यातील घरोघरचा पूर्वापार शिरस्ता आहे. धान दिवाळीच्या सुमारास कापणीस येत असले आणि कोठी त्यानंतर भरत असली, तरी पावसाळ्याच्या तोंडाशी गृहिणी त्या कोठीची एकदा रुजवात घेतेच. शिल्लक किती आहे, किती महिने पुरेल, दोन पाहुणे अधिक आले तर कोठे ओढ बसेल, हा सारा जमाखर्च तिच्या मनात कागदावाचून मांडलेला असतो. ठोक आणावे, स्वतः मापावे आणि गरजेपुरतेच काढावे, या तीन सूत्रांवर चालणारी ही व्यवस्था ज्यांच्या अंगवळणी पडली आहे, त्यांना पुढील पृष्ठांतील विषय परका वाटू नये. कारण कॅमेऱ्याची फिल्म तयार डबीत विकत न घेता 100 फुटांचे अखंड रीळ आणून, त्यातून हवी तेवढी लांबी आपल्याच हाताने मापून, रिकाम्या डब्यांत आपणच भरण्याची जी विद्या या पुस्तिकेत सांगितली आहे, ती याच बेगमीच्या कुळातली आहे.

या विद्येचा विचार सामान्यतः पैशाच्या अंगाने केला जातो, आणि तो अयोग्य नाही. ज्या वस्तूची वेष्टने, डब्या आणि मोजमापाची मजुरी आपण विकत घेत नाही, ती वस्तू स्वस्त पडते, हे सांगण्यास शास्त्राधार नको. तथापि केवळ काटकसर एवढेच तिचे फळ असते, तर तिच्यासाठी मी ही लेखणी हाती घेतली नसती. तयार डबी विकत घेणारा मनुष्य फिल्मच्या शुद्धतेविषयी, लांबीविषयी आणि सुरक्षिततेविषयी कारखानदाराचा जामीन घेत असतो. जो आपली डबी आपण भरतो तो तो जामीन परत करतो आणि स्वतः जामीन राहतो. धुळीचा एक कण आत गेला, पट्टी सैल चिकटली, झाकण घाईने उघडले, तर दोष द्यावयास दुसरे कोणी उरत नाही. ही जबाबदारी मनुष्याला जे शिक्षण देते, त्याची किंमत वाचलेल्या रुपयांहून कितीतरी अधिक आहे असे माझे प्रामाणिक मत असून, प्रस्तुत प्रस्तावना ही त्या मताची सविस्तर कैफियत आहे.

स्वतः डबी भरणे ही तयार डबीच्या मागाहून निघालेली गरिबांची पळवाट आहे, असा एक समज आढळतो. इतिहास त्याच्या उलट साक्ष देतो. जर्मनीतील वेट्झलार येथे अर्न्स्ट लाइट्झ यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यात काम करणाऱ्या ऑस्कर बार्नाक या यंत्रज्ञाने 1913-14 च्या सुमारास सिनेमाची 35 मिलिमीटर रुंदीची फिल्म आडवी चालवणारा लहानसा कॅमेरा बनवला. पडद्यासाठी एका चित्राला जेवढी जागा लागे तिच्या दुप्पट, म्हणजे 24 गुणिले 36 मिलिमीटरची चौकट त्याने त्यात धरली. आणि मधले महायुद्ध ओलांडून 1925 साली लाइपझिगच्या वसंत ऋतूतील जत्रेत तोच कॅमेरा ‘लायका’ या नावाने जगापुढे आला. त्या कॅमेऱ्यासाठी आरंभी दुकानात तयार डबी मिळत नसे. सिनेमाची फिल्म आणावी, अंधाऱ्या खोलीत बसावे, कापावी आणि कॅमेऱ्याबरोबर आलेल्या डब्यांत भरावी, हाच त्या काळचा मार्ग होता. एकदा वापरून फेकून देण्याजोगी, उजेडात बसवता येणारी तयार डबी कोडॅकने 1934 साली आपल्या ‘रेटिना’ कॅमेऱ्याबरोबर बाजारात आणली. तेव्हा मूळ मार्ग कोणता आणि त्याला मागाहून फुटलेली सोयीची वाट कोणती, याविषयी शंका राहू नये. लायकाच्या त्या जुन्या डब्या पितळेच्या होत्या, एकात एक फिरणाऱ्या दोन कवचांच्या, पिढ्यान् पिढ्या टिकाव्यात अशा घडवलेल्या. पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडारा गावात वाढलेल्या मला त्यांच्याविषयी प्रथमपासून जी आत्मीयता वाटली, तिचे कारण मी वेगळे सांगावयास नको.

परंतु आपल्या भाषेच्या मुलखात या विद्येचा आरंभ शोधावयाचा असेल, तर वेट्झलारपर्यंत जाण्याचे कारण नाही. दादरपर्यंत गेले तरी पुरे. धुंडिराज गोविंद फाळके हे 1912 साली लंडनहून परतले ते विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मच्या कडांना छिद्रे पाडणारे यंत्र यांची तजवीज करून. कोडॅककडून येणारी कच्ची फिल्म तेव्हा कोरी, छिद्रांवाचून येई. आणि कॅमेऱ्याचे दाते ज्या छिद्रांत अडकून फिल्म पुढे ओढतात, ती छिद्रे अंधारात बसून, हाताने, इंचाइंचाने पाडावी लागत. हे काम दादरच्या घरी फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी अंगावर घेतले. दिवसभर मंडळींचा स्वयंपाक सांभाळून, चित्रीकरणाच्या वेळी प्रकाश परतवण्यासाठी पांढरी चादर धरून उभे राहून, त्या रात्री फिल्मला छिद्रे पाडीत, ती कॅमेऱ्यात भरीत आणि धुण्याची रसायनेही कालवीत. 3 मे 1913 रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला तेव्हा प्रेक्षकांनी जे पाहिले, त्यातील प्रत्येक फूट आधी एका स्त्रीच्या बोटांखालून अंधारातून सरकलेला होता. मराठी घरात कच्च्या फिल्मला हात लावणारी, तिचा स्पर्श ओळखणारी आणि तिची जोखीम पत्करणारी जी परंपरा आहे, तिच्या अग्रभागी मी सरस्वतीबाईंना मानतो.

स्वातंत्र्योत्तर काळात परदेशी मालावरील निर्बंधांमुळे या विद्येला आपल्याकडे निराळेच महत्त्व आले. 1960 साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीने फ्रेंच बोशे कंपनीच्या सहकार्याने निलगिरीतील उटकमंडच्या थंड व निर्मळ हवेत कारखाना उभारला आणि तेथील मालास ‘इंदू’ हे चंद्राचे नाव दिले. रुपेरी क्षारांचा लेप अंगावर वागवणाऱ्या वस्तूस याहून शोभणारे नाव संस्कृतातही सापडणे कठीण. दुसरीकडे पूर्व जर्मनीतील वोल्फेन येथील ‘ओर्वो’ फिल्म रुपयाच्या व्यवहारात या देशी येत असे. शिवाय सिनेमाच्या चित्रीकरणातून उरणारे तुकडे होतेच. चित्रपटवाल्यांच्या दृष्टीने निरुपयोगी ठरलेला 50-60 फुटांचा तुकडा छायाचित्रकाराच्या घरी दहा डब्यांचे भांडवल होऊन बसे. मुंबईच्या बाजारातून आलेला असा माल नागपूरमार्गे भंडारा रोडच्या फलाटावर उतरवून घेणे, आणि उन्हाची तिरीप लागू न देता तो घरी आणणे, हा माझ्या उमेदवारीतील पहिला धडा होता. उटकमंडचा कारखाना आज बंद पडला आहे आणि पूर्व जर्मनी नकाशावर उरलेली नाही. परंतु 100 फुटांचे कृष्णधवल रीळ इंग्लंडातील इल्फर्डसारखे कारखाने अद्याप तयार करतात, आणि म्हणून ही पुस्तिका केवळ स्मरणरंजनाची वही ठरत नाही.

आता मापाकडे वळतो, कारण या विद्येचा प्राण मापात आहे. 35 मिलिमीटर फिल्मच्या एका फुटाला प्रत्येक कडेने 64 छिद्रे असतात आणि कॅमेरा एका चित्रासाठी 8 छिद्रे पुढे सरकतो. म्हणजे एका फुटात 8 चित्रे बसतात. 12 चित्रांना दीड फूट लागतो, आणि दीड फूट म्हणजे आपला जुना हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा. 36 चित्रांना तीन हात. याखेरीज आरंभी कॅमेऱ्यात अडकवण्याची जीभ आणि शेवटी गाभ्याला चिकटवण्याची शेपूट मिळून प्रत्येक डबीमागे सुमारे एक फूट खर्ची पडतो. तेव्हा 36 चित्रांची पुरी डबी साडेपाच फुटांची होते. दोन्ही बाहू पसरले असता या हाताच्या बोटापासून त्या हाताच्या बोटापर्यंत जी वाव भरते, तिच्याहून अर्धा फूट कमी. ज्यांच्यापाशी कोणतेही यंत्र नव्हते असे जुने लोक अंधाऱ्या खोलीच्या भिंतीत साडेपाच फुटांवर दोन खिळे ठोकून या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत फिल्म ताणून मापीत. पुढे खिळेही नकोसे होत, कारण बाहूंनाच ते अंतर पाठ झालेले असे.

या मापाचा गोषवारा असा निघतो. 36 चित्रांच्या डब्या भराव्यात तर 100 फुटांत 18 होतात आणि चित्रे 648 मिळतात. 24 चित्रांच्या भराव्यात तर 25 डब्या आणि 600 चित्रे. 12 चित्रांच्या भराव्यात तर 40 डब्या आणि चित्रे अवघी 480. जो एक फूट जीभ व शेपूट यांत जातो तो जणू शेतसाऱ्यासारखा प्रत्येक डबीवर सारखाच बसवलेला आहे; तुकडा लहान असो की मोठा, वसूल तेवढाच. म्हणून केवळ काटकसर पाहणारा मनुष्य नेहमी पुरी डबी भरील. मी मात्र गेली अनेक वर्षे 12 चित्रांच्या डब्या अधिक भरत आलो आहे, आणि त्या तुटीचा मला कधी पश्चात्ताप झालेला नाही.

त्याचे कारण आमच्या जिल्ह्याच्या जीवनक्रमात आहे. पवनीच्या प्राचीन तटावर सकाळी सातच्या उन्हात एक तास घालवावयाचा आहे. वैनगंगेच्या घाटावर एखाद्या कुटुंबाचा विधी आहे. मोहाडीकडील एखाद्या विणकराच्या मागावर कोशाचे वस्त्र उतरण्याच्या बेतात आहे. शाळेतील निवृत्त होणाऱ्या गुरुजींचे मुलांसमवेत एक चित्र हवे आहे. या प्रसंगांना 36 चित्रांची मुळीच आवश्यकता नसते. बाजारची डबी घातली की 8 चित्रे होतात, उरलेली 28 कॅमेऱ्यात पडून राहतात. आणि वैशाखात पारा 45 अंशांच्या पलीकडे नेणाऱ्या आमच्या उन्हाळ्यात, फिल्मवर उमटलेली परंतु अद्याप न धुतलेली ती सुप्त प्रतिमा दिवसेंदिवस क्षीण होत जाते. हाताची एक लांबी भरलेली डबी मात्र त्याच संध्याकाळी धुऊन वाळत घालता येते. उलट दिवाळीनंतर झाडीपट्टीतील गावोगाव मंडई ही जत्रा भरते आणि रात्रभर दंडार हे लोकनाट्य चालते, तेव्हा पुरी वाव भरलेल्या चार डब्या खिशात असाव्या लागतात. प्रसंग किती मोठा आहे हे आधी ओळखावयाचे आणि मग त्याच्या अंगाबेताने फिल्म कापावयाची, हा विवेक तयार डबी शिकवू शकत नाही, कारण तिचे माप अन्य कोणी, अन्य देशी, अन्य हेतूने ठरवलेले असते.

भरण्याची रीत पुस्तिकेत चित्रांसह दिली आहे. येथे तिचे सार तेवढे सांगतो. आजचा लोडर म्हणजे प्रकाशास अभेद्य अशी एक पेटी असून तिच्या एका कप्प्यात रीळ आणि दुसऱ्यात रिकामी डबी बसते. रीळ कप्प्यात घालताना मात्र निखळ अंधार हवा. लाल दिवासुद्धा चालत नाही, कारण आजची फिल्म सर्व रंगांना डोळा देते. अंधारात लेपाची बाजू ओळखण्यास ओठाचा किंचित ओला स्पर्श कडेला करावा. जी बाजू ओठास धरते ती लेपाची, आणि ती नेहमी आतल्या अंगास राहिली पाहिजे. पेटी एकदा बंद झाली की उरलेले सर्व काम उजेडात होते: डबीचा गाभा फिल्मच्या टोकास चिकटवावा, डबी मिटावी, कप्प्याचे झाकण लावावे, प्रकाशबंद फट उघडावी, मोजून मूठ फिरवावी, फट मिटावी आणि मगच झाकण उघडावे. शेवटच्या दोन क्रियांची अदलाबदल झाली तर फटीतून शिरलेला उजेड पेटीतील उरलेल्या रिळावर काळा डाग टाकतो; म्हणून हा क्रम मंत्रासारखा ओठांत घोळवावा अशी माझी नवशिक्यांस आग्रहाची विनंती आहे. गाभ्याला चिकटवलेले टोक उजेडातच हाताळलेले असल्याने डबीतील शेवटची दोन-तीन चित्रे वाया जातात. तो खर्च आधीच हिशेबात धरावा आणि शेवटच्या चित्रावर कधीही भिस्त ठेवू नये.

परदेशी पुस्तकांतून ही विद्या शिकणाऱ्यास आमच्या हवामानाचा इशारा मिळत नाही, म्हणून तो येथे देणे मी माझे कर्तव्य समजतो. श्रावण-भाद्रपदात हवेतील ओल लेपातील जिलेटिन फुगवते, पदर पदराला चिकटतो आणि बुरशीस आमंत्रण मिळते. पौष-माघाच्या कोरड्या रात्री मूठ वेगाने फिरवली तर घर्षणाने उपजलेली वीज फिल्मवर शाखा फुटलेल्या रेषांच्या रूपाने आपली सही करून जाते. तेव्हा हात जात्याच्या संथ लयीने चालावा. चैत्र-वैशाखातील उष्मा चिकटपट्टीचा डिंक सैल करतो आणि फिल्मचे वयही भरभर वाढवतो. माझ्या अनुभवात कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंतचा महिना भरणीस सर्वांत अनुकूल. साठवणीच्या डब्यात ओल धरू नये यासाठी या धानाच्या मुलखातील एक उपाय सहज हाताशी आहे: मूठभर तांदूळ तव्यावर तपकिरी होईतो भाजावेत, निवल्यावर घट्ट विणीच्या फडक्यात बांधावेत आणि ती पुरचुंडी मोठ्या डब्यात, भरलेल्या डब्यांपासून वेगळी ठेवावी; तांदूळ हवेतील ओल शोषून घेतात. फिल्म शीतकपाटात ठेवली असेल तर बाहेर काढल्यावर काही तास तशीच मिटलेली राहू द्यावी, नाही तर गार पृष्ठावर दव धरते. धुण्याच्या वेळी 20 अंशांचे पाणी उन्हाळ्यात नळातून मिळण्याची आशा नाही. मातीच्या माठातील पाण्याने ते साधण्याच्या कित्येक युक्त्या स्वतंत्र प्रकरणात दिल्या आहेत.

जामीनकीविषयी मी वर जे लिहिले, ते मला एका मंडईच्या रात्री उमगले. मे महिन्यात कागदी चिकटपट्टीने भरून ठेवलेली एक डबी मी कार्तिकात दंडारीसाठी वापरली. एका वृद्ध नटाची मुद्रा टिपून मी तरफ ओढली, तेव्हा फिल्मचा ताण एकाएकी नाहीसा झाला. उन्हाळ्याने विरघळलेल्या डिंकातून टोक सुटून सबंध फिल्म कॅमेऱ्याच्या पोटात मोकळी पडली होती आणि उलट गुंडाळण्याची कळ रिकामीच फिरत होती. कॅमेरा उघडला तर रात्रभराची चित्रे जाणार आणि न उघडला तर पुढची रात्र जाणार. ज्या घरी उतरलो होतो तेथील यजमानांनी धानाच्या कोठीची खोली मोकळी करून दिली. कणगीच्या आड, दोन घोंगड्यांच्या खाली, धानाच्या भुशाच्या वासात बसून मी ती फिल्म बोटांनी चाचपत हाताने गुंडाळली आणि रुमालात बांधून घरी आणली. कडेने उजेडाचे काही ओरखडे उमटले, तरी बहुतेक चित्रे वाचली. वृद्ध नटाची मुद्राही वाचली. त्या घोंगड्यांखाली मनात राग धरावयास दुसरे कोणीच नव्हते. पट्टी मी निवडली होती, ती मी चिकटवली होती, एकाच बाजूने चिकटवली होती. त्या दिवसापासून मी कापडी पट्टी वापरतो, ती गाभ्याभोवती दोन्ही बाजूंनी घेतो, आणि उन्हाळ्यात भरलेली डबी पावसाळा उलटून वापरत नाही.

त्याच दिवसापासून मी नोंदवही ठेवू लागलो. प्रत्येक डबीवर कागदाची चिठ्ठी आणि वहीत तिचा दाखला: फिल्मचे नाव व गती, चित्रांची संख्या, भरल्याची तारीख, डबी कितव्यांदा वापरली तो आकडा आणि भरणाऱ्याची सही. स्वतः भरलेल्या डबीवर कॅमेऱ्यास फिल्मची गती कळवणारी छापील खूण नसते, त्यामुळे चिठ्ठी हरवली की डबी मुकी होते. डबीच्या ओठावरील मखमलीत एक रेतीचा कण अडकला तर तो फिल्मच्या लांबीभर सरळ ओरखडा ओढत जातो. तसा ओरखडा दिसताच वहीवरून ती डबी शोधून बाद करता येते. सही कशाला, असे मला कोणी कोणी विचारतात. घरात दोन माणसे भरणारी असली तर कामास येते, हे त्याचे व्यावहारिक उत्तर.

पुस्तिकेची रचना पुढीलप्रमाणे आहे. प्रारंभी फिल्म, डबी आणि लोडर यांची ओळख. नंतर यंत्रासह आणि यंत्रावाचून भरण्याच्या रीती. त्यानंतर ऋतुमानानुसार साठवण, धुणे आणि दोषांची लक्षणे व निदान. शेवटी नोंदवहीचा नमुना. शास्त्रीय पारिभाषिक शब्दांचा मोह मी शक्य तेथे आवरला असून ज्या वस्तूला अंधाऱ्या खोलीत आम्ही ज्या नावाने हाक मारतो तेच नाव येथे ठेवले आहे. ज्यांनी आयुष्यात कधी फिल्म हाताळली नाही अशा तरुणांनी प्रथम एक वाया गेलेली फिल्म घ्यावी, ती उजेडात दहा वेळा आणि डोळे मिटून दहा वेळा भरून पाहावी, आणि मगच रिळाचे सील तोडावे, एवढीच माझी पूर्वअट आहे.

सहीविषयीचे खरे उत्तर मात्र निराळे आहे. आमच्या गावी पितळेचे भांडे कोणास द्यावयाचे झाले म्हणजे त्यावर नाव घालून देण्याची रीत आहे. देणाऱ्याचे नाव आणि तिथी ठशांनी कोरलेली असते, आणि भांडे घासघासून पातळ झाले तरी ती अक्षरे बोटाला लागतात. छायाचित्रावर छायाचित्रकाराचे नाव येते, कधी कागदाच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का येतो. परंतु ज्या हातांनी अंधारात फिल्म मापली, कापली, भरली आणि तिचा जामीन घेतला, त्या हातांचे नाव कोठेही उमटत नाही. दादरच्या त्या घरात रात्री छिद्रे पाडणाऱ्या सरस्वतीबाईंनी फिल्मच्या कोणत्याही फुटावर सही केली नव्हती. माझ्या वहीतील शेवटचा रकाना त्यांच्या स्मरणार्थ आहे, आणि ही पुस्तिका वाचून जो कोणी आपली पहिली डबी भरील, त्याने तिच्या चिठ्ठीवर तो रकाना मोकळा सोडू नये.

भंडारा
कार्तिकी पौर्णिमा